कंपनीतले सोबती

कंपनी, साहेब, नोकर. चाकणला, रांजणगावला किंवा वाळूजला कुठल्याही चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी हे तीन शब्द कानावर पडतातच. 'पोरगं कंपनीत लागलं', 'साहेबांनी बोलावलंय', 'नोकरी टिकली पाहिजे'. तिन्ही शब्द बाहेरचे, तीन वेगवेगळ्या वाटांनी आपल्याकडे आलेले. आणि तिन्हींच्या मुळाशी अर्थ एकच आहे: सोबती.

'नोकर' हा मूळचा मंगोल शब्द. 'नोकोर' म्हणजे साथीदार. चंगीझ खानाच्या काळात जो आपलं कूळ सोडून एखाद्या सरदाराची साथ स्वतःच्या मर्जीनं पत्करायचा, त्याच्या बाजूनं लढायचा, तो त्याचा नोकोर. मंगोलांनी इराण जिंकला तेव्हा शब्द फारसीत गेला आणि फारसीच्या बोटाला धरून हिंदुस्थानात आला. आजही मंगोलियात बायको नवऱ्याचा उल्लेख 'नोखोर' असा करते आणि साम्यवादी राजवटीत 'कॉम्रेड'साठी तिथं हाच शब्द वापरत. 'साहेब' अरबीतला. 'साहिब' म्हणजे बरोबर असणारा, मित्र. पैगंबरांच्या सोबत्यांना 'सहाबा' म्हणतात तो याच शब्दाचा परिवार. 'साहिब'ला धनी, मालक हा दुसरा अर्थ अरबीतच होता. आपल्याकडे येईपर्यंत तो पहिल्याला पुरता गिळून बसला. राहिली 'कंपनी'. इंग्रजीमागे फ्रेंच, फ्रेंचमागे लॅटिन असं चालत गेलं की 'कुम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकरी अशी फोड हाती येते. एका भाकरीतली खाणारे ते कंपनी. याच 'पानिस'पासून पोर्तुगीजांचा 'पांव' झाला आणि गोव्यातून, वसईतून तो आपला पाव झाला. वडापावातला पाव आणि नेमप्लेटवरची कंपनी हे असे एका कणकेचे आहेत.

सोबत्याचा मालक झाला, सोबत्याचा चाकर झाला, आणि भाकरी वाटून खाणाऱ्यांची जागा भागभांडवलानं घेतली. शब्द उतरणीला लागतात ते माणसांच्या मागोमाग. पण उतरण ही काही निसर्गाची गोष्ट नाही, ती माणसांनी केलेली असते. म्हणून बहुराष्ट्रीय कंपनीत मानवी हक्कांचा विचार करताना मला आधी हे तीन शब्द आठवतात.

भाकरीचंच बघा. कंपन्यांच्या आचारसंहिता मराठीत करून देण्याचं काम मी करते. त्यापायी एका परदेशी कंपनीच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गेले होते. भिंतीवर सुरेख छापलेलं मानवी हक्क धोरण, खाली वरिष्ठांची सही, इंग्रजीत. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये निळ्या शर्टांची रांग लागली. करड्या शर्टातली मुलं मात्र सायकल स्टँडच्या पत्र्याखाली डबे उघडून बसली होती. एकाला विचारलं, तू आत का नाही जेवत? तो सहज म्हणाला, "मॅडम, आम्ही ठेकेदाराची माणसं." त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. निळा आणि करडा शर्ट सकाळपासून एकाच मशीनच्या दोन बाजूंना उभे होते, एकच भाग एकमेकांच्या हातात देत होते. पगारात फरक, बसच्या पासात फरक, हातमोज्यांतही फरक. आणि ताटातही.

'ठेकेदाराची माणसं' या शब्दप्रयोगात जो 'ची' आहे, त्याच्यावर कितीतरी कायदे अडून बसले आहेत. मराठीत हा प्रत्यय नातंही सांगतो आणि मालकीही सांगतो. 'माझी माणसं' म्हणताना जीव लावलेला असतो. 'आमची माणसं नाहीत ती' म्हणताना हात झटकलेले असतात. कंत्राटी कामगारांबद्दलचा कायदा १९७० साली झाला आणि तेव्हापासून ठेकेदारानं पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. म्हणजे कायद्याच्या लेखी ती तुमचीच माणसं आहेत. भाषेनं मात्र ती परकी करून टाकली.

मजूर हा शब्द यापेक्षा सरळ आहे. फारसीत 'मुज्द' म्हणजे मोबदला आणि 'मज्दूर' म्हणजे मोबदला घेणारा. शब्दाच्या पोटातच मोबदला बसवलेला आहे, त्यामुळे 'बिनमोबदल्याचा मजूर' हा वदतोव्याघात होतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष. पगार पोर्तुगीजांकडून आला. 'पगार' म्हणजे त्यांच्या भाषेत देणं चुकवणं, आणि त्याच्याही मागचं लॅटिन क्रियापद शांत करणं, समाधान करणं या अर्थाचं. घेणेकऱ्याचं देणं भागवून त्याला शांत करायचं. या शब्दात कामगार हा घेणेकरी आहे आणि मालक देणेकरी. महिनाअखेरीस 'तुम्हाला आम्ही पोसतो' असं ऐकवणाऱ्याला पगार या शब्दाचा अर्थ कुणीतरी समजावून सांगायला हवा.

मोबदला काढून घेतला की उरते वेठ. संस्कृतातली 'विष्टि' प्राकृतातून उतरत 'वेठ' झाली. फारसीतून 'बेगार' आली, तिचा अर्थही तोच. आपण दोन्ही जोडून वेठबिगार केली, जणू एका शब्दानं त्या जाचाचं माप पुरं होत नव्हतं. या 'बेगार'ला भारताच्या राज्यघटनेत मोठं स्थान मिळालं आहे. तेविसाव्या अनुच्छेदाच्या मूळ इंग्रजी मजकुरातही 'बेगार' हा देशी शब्दच ठेवला, कारण त्या अनुभवाला इंग्रजीत तोडीचा शब्द नव्हता. पुढं १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढं आलं. न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. पाठीवर आसूड नसला तरी भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच असते, हा त्या निकालाचा गाभा. माझ्या मते आपल्याकडे श्रमाच्या शब्दांना मिळालेला हा सर्वांत मोलाचा अर्थविस्तार आहे. ठेकेदारानं बारा तास राबवून आठ तासांचे पैसे दिले तर त्याला 'ओव्हरटाइमचा घोळ' म्हणतात. घटनेच्या भाषेत त्याचं नाव वेगळं आहे.

कामगार या शब्दाचा प्रवास मला फार आवडतो, कारण तो उलटा आहे. महात्मा फुल्यांचा १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' वाचायला घेतला की आजचा वाचक अडखळतो. तिथं कामगार शेतकऱ्याला नाडतात, कामगार लाच खातात, गोरे कामगार शिकारीत रमतात. तिथं कामगार म्हणजे सरकारी अंमलदार. 'काम' आपलं, 'गार' हा फारसी प्रत्यय. काम करणारा तो कामगार, मग तो कचेरीतला का असेना. पुढच्या पिढीत हाच शब्द खुर्चीवरून उठला आणि गिरणीत गेला. जे पद साहेबाचं होतं ते सांच्यावर उभं राहणाऱ्याला मिळालं. इंग्रजीत त्याच वेळी गिरणीतल्या माणसांना 'हँड्स' म्हणत, म्हणजे नुसते हात. फुल्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये उभ्या केलेल्या संघटनेच्या इंग्रजी नावातही 'मिल हँड्स' आहेत. मराठीनं त्या हातांना पुरा माणूस जोडला आणि 'गिरणीकामगार' असा शब्द केला. गिरण्या गेल्या तरी त्या शब्दाची ऐट गेलेली नाही.

आता हक्काकडे येऊ. अरबीत 'हक्क' म्हणजे सत्य, जे आहे ते, जे ठरलेलं आहे ते. 'हकीकत' याच धातूची. सूफींनी तर ईश्वरालाच हक्क म्हटलं. एखाद्याचा हक्क म्हणजे त्याच्या बाबतीत जे खरं आहे, आणि म्हणून जे त्याला दिलंच पाहिजे ते. यात मेहेरबानीला जागा नाही. 'अधिकार'चं तसं नाही. 'अधि' म्हणजे वर. अधिकार असतो तो कुणाच्या तरी वर. अधिकाराचा अधिकारी होतो, हक्काचा मात्र हक्कदार होतो. महाराष्ट्रानं आपल्या आयोगाला 'मानवी हक्क आयोग' म्हटलं आणि दिल्लीच्या आयोगाचं हिंदी नाव 'मानव अधिकार आयोग' आहे. मला आपली निवड अधिक नेमकी वाटते. कारखान्यात अधिकार सुपरवायझरपाशी आधीच भरपूर आहेत. ज्याच्यापाशी अधिकार नाहीत त्याच्यासाठीच हक्क हा शब्द हवा.

पण हक्क आपल्याकडे आला तो सगळ्यांसाठी आला नाही. मराठी मुलखात शेकडो वर्षं हक्क म्हणजे वतनाचा हक्क. पाटलाचा हक्क, कुलकर्ण्याचा हक्क, बलुतेदाराचा पेंढीवरचा हक्क. महारांना बिदरच्या बादशहानं बावन्न हक्क दिले अशी परंपरागत समजूत आहे आणि त्या यादीत मेलेल्या गुराचं कातडं होतं, उरलंसुरलं धान्य होतं. हक्क म्हणायचं आणि जातीला खुंट्याशी बांधून ठेवायचं. त्या हक्काच्या बदल्यात महाराच्या सगळ्या कुटुंबानं दिवसरात्र सरकारी कामासाठी हजर राहायचं, निरोप न्यायचे, साहेबाचं सामान वाहायचं. म्हणजे हक्क आणि वेठ एकाच दोऱ्यानं शिवलेले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते हा दोरा उसवण्यासाठी. स्वजातीतल्याही काहींना वतन सोडवत नव्हतं, कारण वंशपरंपरेनं मिळालेला तो एकच 'हक्क' त्यांच्या हातात होता. आम्हाला हे असले हक्क नकोत, असं म्हणायला फार मोठी हिंमत लागते. कायद्यानं ही कनिष्ठ वतनं संपवली ती स्वराज्य आल्यावर, १९५८ च्या कायद्यानं.

याच काळात जगाच्या पाठीवर हक्क या शब्दाला नवा धनी मिळत होता. १९४८ च्या १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारा इंग्रजी शब्द होता. हंसा मेहता भारताच्या प्रतिनिधी होत्या. मुंबई विधिमंडळात आणि घटना समितीत काम केलेल्या. त्यांनी आग्रह धरला की तिथं 'सर्व मानव' हवं. शब्द बदलला आणि तसाच राहिला. हक्काचा धनी वतनदार नव्हे, पुरुष नव्हे, निव्वळ माणूस.

मला भीती वाटते ती ही की वतन परत येतंय. निळ्या शर्टाचे हक्क वेगळे आणि करड्या शर्टाचे वेगळे, परमनंटला प्रसूती रजा आणि ठेक्यावरच्या बाईला 'पुढच्या महिन्यापासून येऊ नका', हे वतनाचंच नवं रूप आहे. हक्क माणसाला चिकटायचा तो गेटपासच्या रंगाला चिकटतो.

इथं कंपनीनं नेमकं काय करायचं, याचं उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनं जून २०११ मध्ये एकमतानं मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. जॉन रगी यांनी ती लिहिली. तीन खांब आहेत: सरकारनं हक्कांचं रक्षण करायचं, कंपनीनं हक्कांचा आदर करायचा, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला दाद मिळाली पाहिजे. यातला 'आदर' मराठीत आणताना मी बराच वेळ थबकते. आदर म्हटलं की आपल्याला हार, शाल, नारळ दिसतो. भिंतीवरचं सुरेख धोरण हा असाच एक हार आहे. पण आदर हा मूळचा फार कामाचा शब्द आहे. संस्कृतात 'आ' अधिक 'दृ' म्हणजे लक्ष देणं, दखल घेणं, काळजी वाहणं. आदरानं केलेलं काम म्हणजे नीट लक्ष घालून केलेलं काम. आणि तत्त्वांना हेच हवं आहे. आपल्या कारभारामुळं कुणाचे हक्क चिरडले जातात का ते शोधा, सापडलं की थांबवा, काय केलं ते सांगा. ठेकेदार, पुरवठादार, हॉस्टेल चालवणारा, मजूर पाठवणारा दलाल, या सगळ्यांच्या ठिकाणी शोधा. 'ती आमची माणसं नाहीत' ही सबब तिथं चालत नाही.

जर्मनीनं २०२३ च्या १ जानेवारीपासून पुरवठा साखळीसाठी कायदा लागू केला. त्याच्या लांबलचक जर्मन नावात मधोमध एक शब्द आहे, 'झॉर्गफाल्ट', म्हणजे काळजीपूर्वकपणा. काळजी घेणं हे त्या कायद्यानं कर्तव्य ठरवलं. फ्रान्सनं २०१७ मध्ये केलेल्या कायद्याच्या नावात 'जागरूकतेचं कर्तव्य' आहे. पुण्याभोवती जर्मन कंपन्या थोड्याथोडक्या नाहीत. तिथल्या छोट्या वर्कशॉपच्या मालकाला आता स्टुटगार्टहून प्रश्नावली येते: कामगारांची कागदपत्रं कुणी ठेवून घेतलीत का, बाहेर पडायचं दार उघडं असतं का. तो वैतागतो, हे मी पाहिलं आहे. पण दार उघडं असतं का हा प्रश्न कुणीतरी विचारला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तक्रार या शब्दाबद्दल मात्र कंपन्यांचं काही चुकतं. अरबीत 'तक्रार' म्हणजे पुनरावृत्ती, तेच पुन्हा पुन्हा सांगणं. हिंदीत त्याचं भांडण झालं, मराठीत गाऱ्हाणं झालं. मूळ अर्थ इतका खरा आहे की वाईट वाटतं. लोखंड्यांनी १८८४ मध्ये रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार मागितला. रविवार मिळाला १८९० च्या जूनमध्ये. सहा वर्षं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातल्या कामगारांचं त्याहून मोठं. पाऱ्याचा कचरा उघडकीला आल्यावर युनिलिव्हरच्या भारतातल्या कंपनीनं तो कारखाना २००१ मध्ये बंद केला. ५९१ माजी कामगारांशी समझोता झाला तो २०१६ च्या मार्चमध्ये. पंधरा वर्षं तक्रार, शब्दशः.

बाईच्या बाबतीत ही पुनरावृत्तीच शिक्षा होऊन बसते. 'छळ' हा शब्द संस्कृतात कपट, फसवणूक अशा अर्थाचा होता. मराठीत तो जाच झाला. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती सक्तीची केली आणि कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, सगळ्या स्त्रियांना तिचं दार मोकळं ठेवलं. पण तिनं आधी सुपरवायझरला सांगायचं, मग ठेकेदाराला, मग एचआरला, मग समितीला. दर वेळी पहिल्यापासून. छळातलं जुनं कपट इथं परत येतं, प्रक्रियेच्या रूपानं. चांगली यंत्रणा ती, जिथं बाईला एकदाच सांगावं लागतं आणि तिला कळणाऱ्या भाषेत. भाषेची अडचण, निरक्षरता आणि सूड उगवला जाण्याची भीती हे तक्रारीच्या वाटेतले अडथळे आहेत, असं रगींच्या तत्त्वांसोबतच्या विवेचनातही लिहिलेलं आहे. ओडिशातून आलेल्या मुलीपुढं इंग्रजी हेल्पलाइनचा फलक लावून काय होणार?

सांगून झालं की मिळायला हवी दाद. दाद फारसीत न्याय. मैफिलीत आपण गायकाला दाद देतो ती त्याच्या सुराला दिलेला न्यायच असतो, आणि 'दाद ना फिर्याद' म्हणतो तेव्हा न्यायाच्या नावानं शून्य असतं. दाद लागली नाही की आपल्याकडे एक भयंकर शब्द पुढं येतो: हकनाक. 'हक' आणि 'ना-हक', म्हणजे खऱ्याखोट्याचा विचार न करता, हक्क बघितल्याशिवाय. त्याचंच झालं हकनाक. कारखान्यात आग लागली, बॉयलर फुटला, की दुसऱ्या दिवशी मथळा असतो 'हकनाक बळी'.

ढाक्याजवळच्या साभारमध्ये २०१३ च्या २३ एप्रिलला राणा प्लाझा इमारतीला तडे गेलेले सगळ्यांना दिसले होते. खालची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी उघडली नाहीत. वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या बायकांना मात्र कामावर बोलावून घेतलं. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. युरोप-अमेरिकेतल्या दुकानांसाठी ती कपडे शिवत होती. बँकेच्या कारकुनाला घरी राहता आलं आणि शिलाईवाल्या बाईला राहता आलं नाही, एवढाच काय तो फरक. त्या बाईला 'आज मी आत जाणार नाही' असं म्हणून पगार शाबूत ठेवता आला असता तर ती वाचली असती.

पुढच्याच महिन्यात जागतिक कामगार संघटना आणि मोठमोठे ब्रँड यांच्यात 'अकॉर्ड' हा करार झाला. दोनशेहून अधिक ब्रँडांनी त्यावर सह्या केल्या. धोका दिसला तर कामाला नकार देण्याचा हक्क त्यात होता, आणि तो करार नुसता शब्द नव्हता, कायद्यानं बांधणारा होता. त्याची परीक्षाही झाली. दोन ब्रँड आपल्या पुरवठादारांच्या इमारती वेळेत दुरुस्त करून घेत नाहीत म्हणून संघटनांनी २०१६ मध्ये हेगच्या लवादापुढं दाद मागितली. २०१८ च्या जानेवारीपर्यंत दोन्ही प्रकरणांत तडजोड झाली. त्यातल्या एका ब्रँडनं २३ लाख डॉलर देण्याचं कबूल केलं. बहुतेक रक्कम बांगलादेशातल्या दीडशेहून अधिक कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी. अकॉर्डच्या तपासनिसांच्या याद्यांत असली दुरुस्ती म्हणजे काय ते दिसतं: खांब बळकट करणं, जिन्याला आगीत टिकणारी दारं बसवणं, आणि बाहेर पडायच्या वाटेवरची कुलूप लावता येणारी फाटकं काढून टाकणं.